शेवटच्या दोन टेबलांचे पाय

अबूबकर मुकादमने केलेल्या टेबलावर पाणी सांडलं तर ते जागच्या जागी थांबतं, असं दोह्याच्या अल मन्सूरा भागातले, त्याच्या खोलीतले लोक सांगत. तो राजापूरकडचा सुतार. दोह्यात आला शहाण्णव साली, बांधकामावर शटरिंग ठोकायला. पुढे फर्निचरच्या कामाला लागला. हत्यारं स्वतःची. सपाटी बघायची पाणसळ तर तो कुणाच्या हातात द्यायचा नाही. माणसांच्या बाबतीतही तसाच. पारखून घेतल्याशिवाय कुणावर टेकायचा नाही, आणि पारखायला त्याला वर्षं लागत.

दोन हजार तीन साली त्याच्या कफीलाने, म्हणजे ज्याच्या नावावर त्याचा व्हिसा होता त्या मालकाने, अरबाबाने, त्याला दोह्याबाहेर उम्म सलाल मोहम्मद गावातल्या आपल्या बंगल्यावर बोलावलं. एक मोठा हॉल रिकामा केला होता. तिथे छोटी रेल्वे उभी करायची होती. अरबाब तरुणपणी जर्मनीत शिकायला होता. डोंगरातल्या ज्या एकेरी रेल्वेमार्गाने तो रोज खाली शहरात जायचा, तो मार्ग त्याला आता जसाच्या तसा हवा होता. खाली नदीकाठचं शहर, मधली गावं, बोगदा, आणि शेवटी डोंगरावरचं स्टेशन. रूळ अंथरायला त्याने तिकडून विंकलर नावाचा म्हातारा आणवला होता. हा त्या वरच्या स्टेशनाचा शेवटचा मास्तर.

अबूबकरने भिंतीला धरून टेबलांची रांग करायची, विंकलरने त्यावर रूळ बसवायचे. नकाशा विंकलरने दिला. त्यात शेवटच्या दोन टेबलांचे पाय बाकीच्यांपेक्षा लांब, टोकाकडे आणखी लांब होत गेलेले दाखवले होते. अबूबकरने शटरिंगवर वर्षं काढलेली. पायांची लांबी वेगवेगळी दाखवली की जमीन वरखाली असते, हे तो झोपेतही सांगेल. त्याने हॉलच्या फरशीवर पाणसळ ठेवली. फरशी आरशासारखी सपाट. म्हाताऱ्याने माप चुकीचं घेतलंय, असं म्हणून त्याने सगळे पाय सारखे कापले. कुणाला विचारलं नाही. असल्या गोष्टी विचारायच्या नसतात, असं त्याचं मत.

काम झालं. आता अबूबकरला घरी जायचं होतं. शफाचा, त्याच्या थोरल्या मुलीचा, निकाह ठरला होता. त्याची बायको बिलकिस फोनवर एकच विचारायची, तिकीट काढलं का. तिकीट होतं. पण कतार सोडायला कफीलाची सही लागते, आणि अरबाबाने सांगून ठेवलं होतं की गाडी खालून वरपर्यंत वेळापत्रकाप्रमाणे, एकदाही न पडता, त्याच्यासमोर गेली की सही. त्याआधी नाही.

गाडी पडली. बोगद्यातून नीट बाहेर आली, मागून ढकलायला दुसरं इंजिन येऊन टेकलं, गाडी शेवटून दुसऱ्या टेबलावर आली आणि वळणावर मधले डबे रुळांवरून उतरले. अरबाब उठून गेला. विंकलरने ओणवं होऊन टेबलाखाली बघितलं, मग अबूबकरकडे बघितलं. 

दुसऱ्या दिवशी सकाळी अबूबकर हत्यारं घेऊन गेला, तेव्हा शेवटच्या दोन टेबलांच्या पायांखाली लाकडाचे ठोकळे होते. खोक्याच्या फळ्यांचे तुकडे, रंधा न मारलेले, एकावर एक रचलेले. त्याने पाणसळ ठेवली. बुडबुडा पार एका टोकाला गेला.  त्याने ठोकळे काढून कोपऱ्यात टाकले आणि टेबलं पुन्हा सपाट केली. दुपारी अरबाब आला. गाडी त्याच वळणावर पडली.

पुढच्या सकाळी ठोकळे पुन्हा जागेवर. अबूबकरने पुन्हा काढले.

खोलीत तनवीर होता, संगमेश्वरचा, सूक वाकिफच्या बाजारात मसाल्याच्या दुकानात कामाला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि पाय पसरून म्हणाला, "चाचा, तुमाला घरी जायचंय. त्या गोऱ्याला कुठे जायचंय? गाडी पळाली की त्याचं काम खलास. हितं एसी, बंगला, बिर्याणी. मी असतो तर रोज पाडली असती."

अबूबकरला हे आधीच वाटत होतं. आता पक्कं झालं. ठोकळे काढले तरी गाडी पडते, म्हणजे म्हातारा रुळांतही काहीतरी करत असणार. संध्याकाळी मागे थांबतो. हॉलची किल्ली त्याच्याकडे. खिशात पितळेचा एक दांडा ठेवतो, गाडी सोडताना हातात धरतो, कुणाला देत नाही. सरळ माणसाला एवढं लपवायला काय असतं? अरबाबाकडे जाऊन सांगावं, तर तो म्हणेल पुरावा दे. मग पुरावाच द्यायचा.

शुक्रवारी हॉल बंद असायचा. जुम्माची नमाज झाली आणि अबूबकर थेट बंगल्यावर गेला. दार उघडंच होतं. विंकलर फरशीवर गुडघे टेकून एका हाताने टेबल उचलत होता आणि दुसऱ्याने ठोकळा सरकवत होता. म्हातारा घामाघूम. टेबल एकट्याने उचलायचं नव्हतंच, दोन माणसांचं वजन ते.

"पकडला," अबूबकर हिंदीत म्हणाला.

विंकलर दचकला नाही. तो मोडक्या इंग्रजीत म्हणाला, "रोज सकाळी तू काढतोस. का? तुला काम संपवायचं नाही?"

"मला?" अबूबकरचा आवाज चढला. "माझ्या मुलीची शादी आहे. संपवायचं तुला नाही."

 मग विंकलरने नकाशा आणला, फरशीवर पसरला आणि लांब पायांवर बोट ठेवलं. अबूबकरने फरशीकडे बोट दाखवून सांगितलं की जमीन सपाट आहे. विंकलरने मान हलवली. जमीन नाही, डोंगर, असं तो म्हणाला आणि तळहात तिरका धरून वर नेला.

त्याने जे सांगितलं त्यातलं निम्मं अबूबकरला भाषेवरून कळलं, निम्मं हातांवरून. बोगद्यानंतर तिथे खडा चढ होता. पुढच्या इंजिनाला तो एकट्याने चढवायचा नाही, म्हणून मागून दुसरं इंजिन यायचं. ते जोडायचं नाही, फक्त टेकून ढकलायचं, आणि वर पोचलं की एकटंच परत खाली. तोवर दुसरी गाडी त्या रुळावर येऊ नये म्हणून पितळी दांडा. ज्याच्या हातात दांडा त्याचा रस्ता. पानगळीत रूळ निसरडे झाले की विंकलरचा बाप रुळांवर वाळू टाकत पुढे चालायचा. शेवटी ते मागचं इंजिन आणि त्यावरची माणसं परवडेनात, म्हणून वरचं स्टेशन बंद केलं. पुढे वीसेक वर्षांनी एकट्याने चढणाऱ्या गाड्या निघाल्या तेव्हा मार्ग पुन्हा उघडला. पण स्टेशनमास्तर लागला नाही.

"चढच नसेल," विंकलर म्हणाला, "तर मागचं इंजिन कुणाला ढकलणार? डब्यांनाच."

अबूबकर ओणवा झाला. टेबलाच्या कडेशी डोळा आणून मागच्या इंजिनाकडे बघितलं, मग वळणाकडे. सपाटीवर मागचा रेटा डब्यांना वळणावर बाहेर फेकत होता, हे त्याच्या लक्षात आलं. तो उठला. कोपऱ्यातून एक ठोकळा उचलला, उलटासुलटा करून पाहिला.

"आता असेच राहू दे," विंकलर म्हणाला. "उद्या पळेल. तू घरी जा."

पळाली असती. अबूबकरला ते दिसत होतं. विमान रविवारचं होतं. पण ओलं लाकूड ते, एसीत आकसणार, एखाद्या दिवशी सटकणार, आणि वरचं स्टेशन फरशीवर येणार. तेव्हा अबूबकर गावी असेल आणि लोक म्हणतील, मुकादमने केलं होतं. शिवाय आत्ता एकटा म्हातारा ते टेबल उचलत होता, ते त्याला बघवलं नव्हतं.

त्याने करवत काढली. नवे पाय कापायचे, रंधायचे, भोकं पाडायची. वर रूळ जोडलेले, त्यामुळे टेबल उचलताना केसभरही पीळ बसता कामा नये. एका बाजूला विंकलर, एका बाजूला तो. "यल्ला," अबूबकर म्हणायचा आणि दोघं एकदम उचलायचे. संध्याकाळी मगरिबच्या बांगेपर्यंत एक टेबल झालं. दुसरं शनिवारी सकाळी. शेवटचा बोल्ट आवळला आणि विंकलरने खिशातून स्वतःची छोटी पाणसळ काढून प्रत्येक पाय तपासला. अबूबकर कंबरेवर हात ठेवून बघत उभा होता. त्याला राग आला नाही. न तपासता मान हलवली असती तर आला असता.

दुपारी अरबाब आला. गाडी बोगद्यातून निघाली, मागचं इंजिन येऊन टेकलं आणि चढावर डबे सरळ वर गेले. वरच्या स्टेशनात थांबले. मागचं इंजिन एकटंच खाली परतलं. अरबाबाने डोळे पुसले, अरबीत काहीतरी म्हणाला आणि कागद मागवला. सही झाली. अबूबकरने ती उजेडाकडे धरून पाहिली, घडी केली, आतल्या खिशात ठेवली. संध्याकाळी तनवीर म्हणाला, आता तरी हसा. अबूबकर म्हणाला, सही उद्यापर्यंत रद्दही होते.

रविवारी विमानतळावर इमिग्रेशनच्या खिडकीतल्या माणसाने कागद घेतला, कॉम्प्युटरकडे बघितलं, पुन्हा कागदाकडे बघितलं. अबूबकर त्याच्या हाताकडे बघत होता. शिक्का बसला, तेव्हा त्याने श्वास सोडला. मग बाजूच्या फोनवरून त्याने बिलकिसला सांगितलं, निघालो.