पडद्याकडे पाठ करून

बातमी आली तेव्हा मी तिसरीच्या वर्गात होते आणि माझा मोबाईल वर्गातल्या टीव्हीला जोडलेला होता. पडद्यावर गांडूळ मातीत शिरत होतं. मी व्हिडिओ थांबवून 'आता हे कुठं जाईल?' असं विचारलं आणि तेवढ्यात वरच्या कडेला शिक्षकांच्या ग्रुपवरचा निरोप उमटला. फ्लाइट मोड लावायचा राहून गेला होता. पडद्यावर अक्षरं दिसली की मोठ्यानं वाचायची, ही सवय मीच मुलांना लावलेली. सगळ्या वर्गानं एका सुरात वाचलं, 'बिराजदार मॅडम आज पहाटे वारल्या.' वाचून झाल्यावर मुलं माझ्याकडे बघायला लागली, बरोबर वाचलं का म्हणून... मी 'बरोबर' म्हटलं आणि खुर्चीवर बसले.

त्याला आता दीड महिना झाला. शैला बिराजदार म्हणजे सोलापूरच्या एका हायस्कुलात उभी हयात विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या बाई. निवृत्त झाल्यावर माणसं तीर्थयात्रा करतात, मॅडमनी मोबाईलचा कॅमेरा शिकून घेतला आणि मग आम्हा मास्तर-बाई लोकांना शिकवायचा ध्यास घेतला. नव्या पेठेत त्यांच्या भावाचं कापडाचं दुकान. त्याच्या माडीवर साड्यांचे गठ्ठे रचलेली एक खोली होती, तिथं रविवारी सकाळी आम्ही वीसेक जण जमायचो. गठ्ठ्यांवर बसायचं, गोडेतेलाच्या रिकाम्या डब्याला मोबाईल रबरानं बांधायचा आणि चित्रण करायचं. शाळेसाठी व्हिडिओ कसा बनवायचा आणि वर्गात तो कसा वापरायचा, एवढाच विषय. पण पन्नाशीला टेकलेली माणसं आदल्या रात्रीपासून वाट बघायची, इतकी मजा यायची.

एकदा त्या आम्हाला अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका ओळखीच्या कारखान्यात घेऊन गेल्या. टॉवेलचा माग चालू होता. आडवा धागा नेणारा, डोळ्यांना न दिसणारा धोटा आम्ही मोबाईलवर संथ गतीत पकडला आणि तो सुताच्या दोन थरांमधून सावकाश पोहत गेलेला पाहून आम्ही सगळ्यांनी अक्षरशः टाळ्या वाजवल्या. विणकरांच्या घरात वाढलेले आमच्यातले एक गुरुजी म्हणाले, 'जन्म गेला ह्या आवाजात, पण हे बघितलंच नव्हतं.' परत माडीवर येऊन पाहतो तर खडखडाटात आमची सगळी माहिती बुडालेली, एक शब्द कळेना. आमचे चेहरे पडले. मॅडम मात्र खूश. 'लई बरं झालं. तुमी गप बसलाव की पोरं बोलतील,' म्हणाल्या.

मला ते तेव्हा कळलं नाही. मी हुशार, असं मला वाटायचं. माझी शाळा अक्कलकोटच्या पलीकडे, हद्दीवरच्या गावात. वर्गातली निम्मी मुलं घरी कन्नड बोलणारी. त्यांच्यासाठी मी 'वनस्पतीचे अवयव' असा दहा मिनिटांचा व्हिडिओ केला होता. सुरुवातीला गुलाबाच्या चौकटीत माझा फोटो, मग बासरी, मग उडत येणारी पानं, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत माझा आवाज. ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस पडला. सगळ्यांनी मिळून मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि मीही चढले. त्याच तोऱ्यात मी मॅडमना वर्ग बघायला बोलावलं.

त्या एस.टी.नं आल्या. मी व्हिडिओ लावला. मॅडम टीव्हीकडे पाठ करून, मुलांच्या समोर जमिनीवर मांडी घालून बसल्या आणि त्यांनी स्वतःचा मोबाईल मुलांवर धरला. दहाही मिनिटं. मुलं चिडीचूप बघत होती, मी मनात पेढे वाटत होते. संपल्यावर मुलांनी टाळ्या वाजवल्या. मधल्या सुट्टीत मॅडमनी मला शेजारी बसवलं.

'माने बाई, तुमचा व्हिडिओ मी बघितला न्हाय. पोरं बघितली. तुमीपण बघा की.'

मी बघितलं. दहा मिनिटांत एका मुलाचे ओठ हलले नव्हते. कोणी कोणाला कोपरानं ढोसलं नव्हतं, कोणी काही विचारलं नव्हतं. माझी बासरी मात्र छान ऐकू येत होती. मला इतका राग आला... मॅडमचा नाही, माझा. पण काढला मी त्यांच्यावरच. 'आमच्या मुलांना मराठी येत नाही, ती काय बोलणार?' असं फाडकन म्हणाले. त्यांनी शांतपणे त्या चित्रणात मागच्या कोपऱ्यात दिसणाऱ्या एका मुलीवर बोट ठेवलं. 'ही कोण?'

ती रेणुका. धनगराची पोर. शाळेत येऊन तिला तिसरं वर्ष लागलं होतं आणि तिनं वर्गात एक शब्द उच्चारला नव्हता. तिचे वडील बिराप्पा त्याच आठवड्यात येऊन मला सांगून गेले होते, 'बाई, पोरगी हितं तोंडच उघडत न्हाय. घरी लई बोलती. दिवाळी झाली की मेंढरांसंगं नेतो तिला. हितं बसून काय उपेग?' मी त्यांना अडवलं नव्हतं, कारण त्यांचं चुकीचं नव्हतं. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, 'दिवाळीला किती दिस हायत?'

तीन आठवडे होते. पुढच्या रविवारी मॅडमनी मला बिराप्पांच्या वाड्यावर पाठवलं. वाडा म्हणजे मेंढरं कोंडतात ते काट्यांचं कुंपण. मेंढ्यांची लोकर कातरायचे दिवस होते; वाड्यात कातरणी आणि ओढ्यावर दुसऱ्या मेंढरांची धुणी, दोन्ही एकाच वेळी चाललं होतं. मी दीड मिनिटाच्या चार क्लिपा घेतल्या, बोलायचं नाही ही शपथ पाळून. घरी आल्यावर त्या जोडल्या आणि सोमवारी मॅडम पुन्हा वर्गात हजर. पुन्हा टीव्हीकडे पाठ. ह्या वेळी मात्र त्या मागच्या कोपऱ्याजवळ सरकून बसल्या.

व्हिडिओ सुरू झाला. आपल्या गावची मेंढरं टीव्हीवर बघून वर्ग आधी नुसता हसत होता. म्हातारा आजा कातर चालवतोय, लोकरीचे पुंजके पडतायत... आणि त्यानंतर मेंढरं ओढ्यात घालून धुतायत. मी थांबवलं आणि ठरल्याप्रमाणे विचारलं, 'काय काय झालं?' एक दोन मुलं पुटपुटली. आणि एकाएकी कोपऱ्यातून खणखणीत आवाज आला.

'हिंगल्ल!'

असं नाही, असा त्याचा अर्थ, हे मला शेजारच्या मुलीनं सांगितलं. रेणुका उभी होती. रागानं लाल. आधी कन्नडमध्ये, मग मध्येच मराठीत, हातवारे करत ती मला फैलावर घेत होती. आधी धुत्यात. मग वाळवत्यात. मग कातरत्यात. न धुता कातरलं तर लोकर कोण घेईल? 'आमच्या आजाला येडं दावलं तुमी,' असंही म्हणाली. मी क्लिपा उलट्या क्रमानं जोडल्या होत्या. मेंढरांतलं काही न कळणाऱ्या बाईच्या हातूनच व्हावी अशी चूक. तिच्या मागोमाग वर्ग पेटला. कुणी कातरीचं सांगतंय, कुणी घोंगडीचं, घंटा झाली तरी मुलं थांबेनात. मी भर वर्गात रडत होते आणि हसत होते. त्या संध्याकाळी बिराप्पांना बोलावून रेणुकाकडून त्यांच्यासमोर सगळं पुन्हा म्हणवून घेतलं. ते म्हणाले, 'व्हय. ऱ्हाऊ द्या मग हितंच.' ती आता सातवीत आहे.

मला वाटलं मॅडम चूक दुरुस्त करायला सांगतील. त्या म्हणाल्या, 'तशीच ठेवा.' पुढं त्यांच्या शिबिरात हा पाठच झाला. प्रत्येक व्हिडिओत एक चूक मुद्दाम घालायची, मुलांना माहीत असलेल्या गोष्टीतली. मी तो किस्सा चार वर्षं जिथं तिथं सांगत आले, माझ्या चुकीनं मुलगी कशी बोलली त्याचा. मॅडम शेजारी बसून मान डोलवायच्या, कधी मध्ये बोलल्या नाहीत.

मागच्या पंधरवड्यात त्यांच्या भावानं मला माडीवर बोलावलं. मॅडमचा जुना संगणक माझ्या स्वाधीन केला. त्यात गावोगावच्या वर्गांतले मुलांचे चेहरे साठवलेले, शेकडो. त्यात तो सोमवार सापडला. मी कानाला हेडफोन लावून बघायला बसले. कातर चालते, वर्ग हसतो, मेंढरं ओढ्यात शिरतात, रेणुकाचं तोंड अर्धं उघडतं आणि मिटतं. आणि मोबाईलच्या मागून, अगदी हळू, मॅडमचा आवाज येतो, 'हेळव्वा... हेळ.' सांग बाई, सांग. पुन्हा तोंड उघडतं, पुन्हा मिटतं. 'हेळ, नान इद्दीनी.' मी आहे. मग ती उभी राहते.

चूक तिला दिसली होती, पण ती गिळूनच टाकणार होती. तिच्या भाषेत तिला कोणीतरी हात दिला म्हणून ती उठली, आणि त्याचं श्रेय मी इतकी वर्षं माझ्या उलट्या क्लिपांना देत होते, त्या माउलीच्या तोंडावर. मला लाज वाटली आणि त्याहून जास्त आनंद झाला, असा की मी त्या गठ्ठ्यांमधून उठून खाली दुकानात पळत गेले आणि त्यांच्या भावाला ते ऐकवलं. दुसऱ्या दिवसापासून मी कन्नड शिकायला घेतलंय. अकरा वर्षं त्या गावात नोकरी करून मला 'सांग' म्हणता येत नव्हतं.

रविवारची शिबिरं आता मी घेते, त्याच माडीवर. नव्या शिक्षकांना पहिल्याच तासाला ते चित्रण दाखवते, आवाज पूर्ण मोठा करून, आणि काही बोलत नाही. सगळे रेणुकाकडे बघतात. दुसऱ्यांदा लावते, तिसऱ्यांदा लावते. परवा करकंबहून आलेल्या एका नव्या बाईंनी मध्येच हात वर केला.

'मॅडम, मागनं कोणतरी बोलतंय की. कोण हाय ते?'

'बिराजदार मॅडम आहेत,' मी म्हटलं, 'शिकवतायत.'