लाखोळीवर जगलेले पाय

त्या अन्नाने आम्ही जगलो, हे आधीच लिहून ठेवते. नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल, आम्हाला कोणी विष घातलं. भंडाऱ्याकडच्या आमच्या गावात दुष्काळाने धान पार गेलं, तेव्हा चार मोठ्या घरांनी मिळून देवळामागे गावासाठी चूल मांडली. पाण्यावाचून तग धरते ती लाखोळी. तिचंच वरण, तिच्याच पिठाची भाकर. दोन्ही वेळा तेच, कित्येक महिने.

लाखोळी आधी गरम पाण्यात भिजवायची, ते पाणी फेकायचं आणि मग शिजवायची, म्हणजे बाधत नाही, एवढं आमच्या बायांना ठाऊक होतं. पण विहिरी आटलेल्या. हंडाभर पाण्यासाठी अर्धा दिवस जायचा. ते फेकणार कोण? लाखोळी त्याच पाण्यात शिजली.

आमच्यात कमावत्याला आधी वाढत. मोठा भाऊ तळ्याच्या खोदकामावर जायचा, म्हणून माझ्या वाटणीतली अर्धी भाकर आई त्याच्या ताटात टाकायची. मला राग यायचा. नांगरणीच्या सुमारास एका सकाळी त्याच्या पोटऱ्या लाकडासारख्या ताठ झाल्या. लोक म्हणाले, कामाचा शीण आहे, उतरेल. उतरला नाही. तेव्हापासून तो काठी घेऊन चवड्यांवर चालतो, गुडघे एकमेकांवर घासतात. माझे पाय वाचले ते मी अर्धपोटी राहिले म्हणून.

लग्न करून मी भिलाईला आले. आईच्या मागे भाऊही आमच्या क्वार्टरमध्ये आला. सून इकडचीच, धमतरीकडची. तिच्या माहेरी लाखोळीला तिवरा म्हणतात. यंदा तिने तिकडून तिवऱ्याचं बेसन आणलं आणि आठवड्यातून दोनदा वडे सुरू झाले.

"हे घरात नको," मी म्हटलं.

"आई, आमच्या गावात सगळेच खातात. माझे बाबूजी अजून सायकल चालवून राहिले."

"मले दोन वाढ गं," भाऊ म्हणाला. "माह्ये पाय आता अजून काय बिघडतीन?"

सून हसली. मला हसू आलं नाही. नात ताटावर बसली होती आणि चार वडे तिच्या पोटात गेले होते.

नात शाळेच्या शर्यतींत धावते. दोनच आठवड्यांनी सकाळी ती पलंगावरून उतरली आणि पोटरी धरून खाली बसली. "आजी, पाय अकडला." भाऊ खुर्चीत होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग काठीकडे हात नेला आणि तसाच थांबला.

बेसनाचा डबा मी कचऱ्यात ओतला. सून रागावली, पण दवाखान्यात सोबत आली. डॉक्टरांनी नातीचे गुडघे ठोकून पाहिले, टाचेवर चालवलं, चवड्यांवर चालवलं. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "माताजी, महिनोन्‌महिने तेच खाल्लं आणि दुसरं काही मिळालं नाही, तर पाय जातात. कधीमधी वडे खाऊन नाही. आणि मामा-आजोबांचं हिच्यात येत नाही. हिची नस आखडली आहे. पाणी कमी पिते, धावते जास्त."

"पक्कं?"

"पंधरा दिवस धावू देऊ नका. परत आणा, बघू."

बघू म्हणाले. त्या वेळी गावात पण लोक उतरेल म्हणाले होते.

घरी येताना सून म्हणाली, "आता तरी झालं ना समाधान?" मी हो म्हटलं. भाऊ दारातच उभा होता. "काय म्हने डाक्टर?" मी सांगितलं. तो म्हणाला, "माह्या टायमाले डाक्टर असता तर मले पण पानीच पी म्हनला असता." मग नातीला म्हणाला, "बाई, पी मग पानी."

सकाळी नात आंघोळ करून निघते तेव्हा मी मोरीच्या दाराशी उभी राहते. भावाच्या ओल्या पावलाला टाच नसते, फरशीवर पुढचा पंजा तेवढा उमटतो. नातीचं पाऊल मी वाकून बघते. टाच दिसते, दोन्ही पायांची.

"आजी, काय बघून राहिली?"

"फरशी ओली आहे. सांभाळून चाल."

ती जाते. मी फडकं घेते, पण पावलं वाळेपर्यंत पुसत नाही.