काकांच्या पेटीची किल्ली

ईडन प्रेरीतल्या आमच्या बेसमेंटमध्ये आमचं सामान कमी आणि लोकांचं जास्त आहे. कुणी काही महिन्यांसाठी भारतात गेलं, कुणी जुनं घर विकून नव्याची वाट पाहत बसलं, की बॅगा आमच्याकडे येतात. आत काय आहे हे विचारायचं नाही, अशी आम्हा मराठी मंडळींची रीत आहे. दुसरी रीत अशी की बॅगेला कुलूप असेल तर किल्लीही ठेवून जायची. नुसतं कुलूप घालून गेलात तर अर्थ सरळ आहे, तुमचा आमच्यावर भरवसा नाही.

त्यामुळे काका पेटी घेऊन आले यात नवल वाटण्यासारखं काही नव्हतं. तरी मला वाटलं. एक तर पेटी त्यांनी स्वतः उचलून आणली होती. काका आमच्या मंडळाचे माजी अध्यक्ष, सगळ्यांचेच काका. भाषणाच्या वेळी त्यांचा माइकसुद्धा दुसऱ्यानेच धरायचा असतो. आणि आल्याआल्या ते चहाला नको म्हणाले.

काका मोठ्या हुद्द्यावरचे इंजिनिअर. कंपनी त्यांना वर्षभरासाठी पुण्याजवळच्या कारखान्यात पाठवत होती. याला ते ‘ओव्हरसीज असाइनमेंट’ म्हणत, जन्म सदाशिव पेठेतला असूनही. घर भाड्याने दिलं होतं. पण त्यांचा मुलगा पलीकडच्या गावातच राहतो. मग पेटी आमच्याकडे का?

ती त्यांनी जेवणाच्या टेबलावर ठेवली. छोटीशी, लोखंडी, बऱ्यापैकी जड. शेजारी किल्ली ठेवली.

मी रीत मोडली. “काका, यात काय आहे?”

“सप्रेसर,” काका म्हणाले. “अडाणी लोक सायलेन्सर म्हणतात.”

काकांना साठीनंतर शिकारीचा नाद लागला होता. हरिण अजून मिळालं नव्हतं, पण कपडे सगळे आले होते. बंदुकीच्या तोंडाला लावून आवाज कमी करायची ही नळी त्यांनी सरकारदरबारी रीतसर नोंदवून घेतली होती, आणि त्या परवानगीबद्दल ते पद्मश्री मिळाल्यासारखे बोलत.

“बंदूक विकून टाकली. पण ही माझ्या नावावर आहे. दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही, असा कायदा आहे. कुलूपबंद करून कुणाच्या घरी ठेवली तर चालते. किल्ली मात्र माझ्याचकडे हवी.”

“मग ही किल्ली?”

“अरे, तुझ्या घरात पेटी ठेवायची आणि किल्ली घेऊन जायचं? बरं दिसतं का ते?”

“मुलाकडे का नाही ठेवत?” बायकोने विचारलं.

“त्याला किल्ली दिली तर तो कायद्यात अडकतो. नाही दिली तर सून म्हणेल, सासऱ्याचा आमच्यावर विश्वास नाही.”

“आणि आम्हाला दिली तर?”

“तुमचं काय. तुम्हाला कोण विचारतंय!”

आम्हाला विचारणारं एक खातं आहे, इमिग्रेशनचं. आमचं ग्रीन कार्ड त्याच्या टेबलावर कित्येक वर्षं पडून आहे. मी अजून वर्क व्हिसावर आहे. व्हिसावर जगणारा माणूस ट्रॅफिकचं तिकीटसुद्धा वकिलाला दाखवून मग भरतो. मी फोन काढून नियम शोधायला लागलो, तर बायकोने तो हातातून काढून घेतला.

“तू सर्च करू नकोस. आपल्या नावावर राहतं सगळं. काका, तुम्ही करा. तुम्ही सिटिझन आहात.”

काकांनी चष्मा लावला आणि अध्यक्षीय आवाजात मोठ्याने वाचायला सुरुवात केली. तात्पुरत्या व्हिसावरच्या परदेशी माणसाने बंदूक बाळगणं हा गुन्हा, अपवाद थोडे. इथवर आवाज खणखणीत होता. पुढे, या कायद्यापुरती सायलेन्सर हीदेखील बंदूकच समजावी, हे वाक्य त्यांनी जवळजवळ मनातल्या मनातच वाचलं.

“किल्ली तुम्ही नेलीत तरी पेटी नको, काका,” मी म्हणालो. माझे दोन्ही हात तोवर खिशात गेले होते. पेटीवर माझ्या बोटांचा ठसाही नको होता.

“तुला माझ्यावर संशय येतोय?”

“हो,” मी म्हणालो. रीत मोडलीच होती.

काका पेटी घेऊन गेले. निरोप घेताना फक्त बायकोशी बोलले.

ते पुण्याला गेले. पुढच्याच आठवड्यात त्यांच्या सुनेचा बायकोला फोन आला. बायकोने तो स्पीकरवर टाकला.

“अगं, तुझ्या ओळखीचा कुणी लॉकस्मिथ आहे का? बाबांनी आमच्याकडे एक पेटी ठेवलीय, आणि किल्ली हरवली म्हणे. म्हटलं, येईपर्यंत उघडून ठेवू या.” मग ती म्हणाली, “आधी तुमच्याकडे आणली होती ना? तुम्ही का नको म्हणालात गं?”

“विचारून सांगते लॉकस्मिथचं,” एवढंच बायको म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

पेटी उघडली की सुनेचा नवरा कायद्यात अडकणार, आणि पेटी आधी कुणाच्या जेवणाच्या टेबलावर होती तेही बोलण्यात येणार. मी काकांना पुण्याला फोन लावला.

“काका, सुनेला खरं सांगा.”

“काय सांगू? किल्ली मुद्दाम खिशात घालून आलो म्हणून?”

“तेच.”

“कायदा आहे म्हटलं तर तिला खोटं वाटेल रे.”

“वाटू दे. पण आजच सांगा.”

पलीकडे रिक्षांचे हॉर्न वाजत होते. मग फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी सुनेचा फोन पुन्हा आला.

“लॉकस्मिथ नकोय. किल्ली बाबांकडेच आहे म्हणे. स्वतःकडेच ठेवावी लागते, असा कायदा आहे म्हणे.”

“हो,” बायको म्हणाली.

“खरंच आहे का गं असा कायदा?”

“आहे.”

“हं,” ती म्हणाली, आणि मग मुलांच्या स्विमिंग क्लासबद्दल बोलायला लागली.