उभी वकिली

भंडारा जिल्ह्यात जेवढ्या म्हणून खुर्च्या असतील, त्यांतल्या एकीलाही माझ्या मामेसासऱ्यांना पाच मिनिटं धरून ठेवता आलेलं नाही. माझ्या बायकोचे हे सख्खे मामा तुमसरला वकिली करतात. त्यांच्या ऑफिसात एक चांगली सागवानी खुर्ची आहे, पण तिचा उपयोग छत्री आणि काळा कोट टांगण्यापलीकडे कधी झालेला नाही. पक्षकार आला की मामा उठून उभे राहतात असं म्हणायचीही सोय नाही, कारण ते आधीच उभे असतात. "चाला, चालता चालता सांगा," असं म्हणून ते पक्षकाराला तहसील कचेरीपासून बसस्टँडपर्यंत नेतात आणि परत आणतात. अशा फेऱ्यांत त्यांच्या पक्षकारांची निम्मी भांडणं दमूनच मिटतात, असं त्यांचे विरोधक म्हणतात. न्हावी त्यांची दाढी करताना देवाचं नाव घेतो. पंगतीत ते जेवायला बसत नाहीत, वाढायला घेतात आणि वाढता वाढता स्वतःचं उरकतात. एकदा लाखांदूरला जाताना एसटी थांबली म्हणून ते पाय मोकळे करायला उतरले, तर एसटी निघून गेली. मामांनी मागून येणाऱ्या कुणाच्या तरी मोटरसायकलवरून तिला पुढच्या थांब्यावर गाठलं आणि वर कंडक्टरलाच विचारलं, "कुठी राहिले होते?" मामींना विचाराल तर त्या थेट लग्नापासून सुरुवात करतात. "भटजीनं सात पावलं म्हनली होती, बाप्पा. यायनं नऊ घेतली. तवापासून मी मागंच धावून राहिली."

म्हणूनच आम्ही घर घ्यायचं ठरवलं, त्या वेळी बायकोनं पहिली अट घातली ती ही, की वकील कुणीही चालेल, पण मामा नकोत. तिची बाजू खरी होती; आम्हाला आता एका जागी बसायचं होतं. माझं औषधांचं दुकान तुमसरला, आणि लग्न झाल्यापासून आमचा संसार एका भाड्याच्या घरातून दुसऱ्यात हिंडत होता. आता या घरमालकाच्या मुलाचं लग्न ठरलं होतं आणि त्यानं दिवाळीपर्यंत घर मोकळं करायला सांगितलं होतं. बायकोनं भांडी खोक्यांत भरायला घेतली होती. नेमकं तेव्हाच बाजारापासून हाकेच्या अंतरावर एक घर विकायला निघालं. दोन खोल्या, मागे विहीर, पुढे ऐसपैस ओटा. विकणारा नोकरीनिमित्त नागपूरला राहणारा, सभ्य माणूस होता. पण एक व्यापारीही त्याच घरावर डोळा ठेवून होता, आणि विकणाऱ्यानं आम्हाला जी काय मुदत दिली होती ती महिनाअखेरपर्यंतची. बँकेनं कर्ज मंजूर केलं होतं. एक चांगला वकील गाठायचा, कागद तपासून घ्यायचे आणि रजिस्ट्री करायची, एवढंच उरलं होतं.

मामांना हे कळलं तेव्हा त्यांनी स्वतःच कानावर हात ठेवले. "नात्यातला वकील करू नये, जवाईबापू. त्याले फी देता येत नाही अन् शिव्याही देता येत नाही." आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला, तोच ते पुढे म्हणाले, "पन तुमाले वकील मी पाहून देतो." मुलीला स्थळ पाहतात तसे मग मामा आमच्यासाठी वकील पाहायला लागले. मी त्यांच्या स्कूटरवर मागे बसायचो आणि दुकान बायको सांभाळायची.

पहिलं स्थळ भंडाऱ्याचं. थंडगार ऑफिस, काचेचं टेबल आणि बसल्यावर माणूस आत रुततच जाईल अशी मऊ खुर्ची. वकीलसाहेबांनी अगत्यानं विचारलं, "व्यवहार केवढ्याचा आहे?" मी आकडा सांगतोय तोवर मामा जिना उतरले होते. खाली आल्यावर म्हणाले, "खुर्ची पाह्यली? तिच्यातून उठून थो मानूस घर पाहाले येईन काय?" दुसरे तुमसरचेच, तहसीलसमोर टेबल टाकून बसणारे, बोलायला अघळपघळ. त्यांनी बँक कोणती ते विचारलं, कागद वरवर चाळले आणि म्हणाले, "होऊन जाईल." मी घर कसं आहे, हद्दी कशा आहेत असं काही विचारलं, तरी उत्तर तेच, होऊन जाईल. मला तर ते फार आवडले. बाहेर आल्यावर मामा माझ्यावरच उखडले. "तुमच्या दुकानात पोटदुखीवाला आला अन् तुमी पोट कुठी दुखते हे न विचारता गोळी देली, तं चालन काय?" असे चार-पाच झाले. कुणाचा पहिला प्रश्न चुकला, कुणी कागद उलटा धरला, आणि एकाला तर मामांनी त्याच्या ऑफिसातलं घड्याळ बंद आहे म्हणून नाकारलं. महिना सरत चालला होता. मला रात्री झोप लागेना. बायको भरलेली खोकी उघडायची, एखादी कढई काढायची आणि पुन्हा भरायची. मामांचा तो उभेपणा आम्हा दोघांनाही लागला होता.

शेवटी एके दिवशी मामा म्हणाले, "चाला, घरालेच विचारू." घराला काय विचारायचं ते मला कळेना. मामा आत गेलेच नाहीत. ते समोरच्या भिंतीपुढे उभे राहिले, एका पायावरून दुसऱ्या पायावर, आणि डोळे बारीक करून बघत राहिले. आमच्याकडे लग्न निघालं की घराच्या पुढच्या भिंतीवर पेंटर बोलावून नवरानवरीची नावं रंगवतात, बाजूला दोन मोर काढतात. लग्न होऊन जातं, नावं पावसापाण्यात हळूहळू पुसत राहतात आणि कुणी मुद्दाम ती खरवडत नाही. या भिंतीवर वरून चुना मारला होता. पण उन्हात त्याखालून एका मोराची मान दिसत होती आणि तिच्या शेजारी फिकट निळं 'आयुष्मती शीला'. मामांनी विकणाऱ्याला तिथूनच फोन लावला आणि फेऱ्या मारत विचारलं, "भाऊ, शीला कोन?"

शीला त्याची बहीण होती. वडील वारल्यावर घरावर एकट्या भावाचं नाव चढलं होतं. त्यात त्याचं कपट होतं असंही नाही. वारस लिहून देताना तिचं नाव सांगायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. मुलगी दिली की दिली, असाच सगळ्यांचा हिशोब. तो मामांना म्हणाला, "ते बपेऱ्याले सासरी सुखात आहे. तिले कायले मधात आनता?" मामांनी ऐकलं नाही, तेव्हा तो बिचारा बपेऱ्याला जाऊनही आला आणि परतताना माझ्या दुकानात येऊन म्हणाला, "नाही म्हनते. सही करत नाही." त्याचा चेहरा पडला होता, पण आवाज चढला होता. "तुमच्या मामानं साप काढला. दुसरे वकील तं याच कागदावर रजिस्ट्री करून द्याले तयार आहेत. वकील बदला, नाही तं घर बदला."

मी हे घरी येऊन सांगितलं तेव्हा मला वाटत होतं, बायको लगेच त्या होऊन-जाईलवाल्यांकडे पाठवेल. माझंही मन तिकडेच ओढत होतं, खोटं कशाला बोलू. ती खोक्यावर बसली होती. हातातली कढई खाली ठेवून म्हणाली, "त्या बाईले न इचारता मी त्या घरात चूल कशी पेटवू? मामालेच राहू द्या." आणि अशा रीतीनं, साऱ्या जिल्ह्याचे वकील पाहून झाल्यावर, आम्ही नको म्हटलेला वकीलच पक्का केला.

दुसऱ्याच दिवशी मामा आणि मी बपेऱ्याला गेलो. दोन्ही बाजूंना धानाची कापणी चालली होती आणि मामा हिरव्या-पिवळ्या कशाकडेही न बघता स्कूटर हाकत होते. शीलाबाईंच्या अंगणात धान वाळत घातलं होतं आणि त्या पायानं ते उलटवत होत्या. "जयभीम, बाई," मामा म्हणाले. बाईंनी उलट जयभीम केला, खाटेकडे हात केला आणि पुन्हा धानात चालू लागल्या.

"नाही, मी उभाच बरा," मामा सवयीनं म्हणाले.

बाई थांबल्या. "भाऊबी असाच आला होता. गाडी बंद नाही केली त्यानं. उभ्या उभ्या म्हने, सही दे."

मामांनी माझ्याकडे पाहिलं, मग खाटेकडे पाहिलं, आणि बसले. स्कूटर सोडली तर मी त्यांना इतक्या वर्षांत पहिल्यांदा बसलेलं पाहत होतो. आधी पाय हलत होते, मग बोटं हलत होती, मग तेही थांबलं. सही हा शब्द त्यांनी काढला नाही. वडील काय करायचे, विहीर कुणी खोदली, ओटा कधी बांधला, एवढंच विचारत राहिले. बाई धान उलटवता उलटवता सांगत राहिल्या. दुपार कलली. आता मीच उठत होतो, अंगणाच्या टोकाला जाऊन येत होतो, घड्याळ बघत होतो. ही बाई नाही म्हणाली तर दिवाळीला आमची खोकी कुठे ठेवायची, याशिवाय मला काही सुचत नव्हतं. मामा मात्र हलले नाहीत.

शेवटी बाई स्वतःच खाटेसमोर खाली येऊन बसल्या. "हिस्सा तं मी घेईनच, वकीलसाहेब. थो सोडनार नाही."

"सोडाच कायले? तुमच्या हक्काचा आहे. भावाले मी सांगतो."

"पन घर इकून राहिला हे मले बाजारात दुसऱ्यायनं सांगतलं." त्या हातानं जवळचं धान सारखं करू लागल्या. "मी तुमसरच्या बाजाराले येतो. माय-बाप गेले, भाऊ नागपूरले गेला, घराले कुलूप. तरी मी पिशवी ठेवून त्या ओट्यावर घडीभर टेकतो. मग एसटी धरतो. आता कुठी टेकू?"

 मामांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मला कळलं की वकिलाचं काम संपलं, आता उत्तर घर घेणाऱ्यानं द्यायचं आहे. मी म्हटलं, "ताई, ओटा तुमचाच आहे. तुम्ही याल तेव्हा कुलूपही नसेल." हे मी सही मिळावी म्हणून बोललो की मनापासून, ते तेव्हा मलाच सांगता आलं नसतं. भावानं तिचा हिस्सा कबूल केला, शीलाबाई स्वतः आल्या आणि महिनाअखेरीस रजिस्ट्री झाली. मामा त्या दिवशी पुन्हा उभेच होते. साक्षीदारांना त्यांनी इतकं पळवलं की एकाची चप्पल तुटली.

आम्ही सगळं घर रंगवलं, पण पुढच्या भिंतीचा तेवढा तुकडा बायकोनं पेंटरला हात लावू दिला नाही. उलट ओल्या फडक्यानं चुना पुसून मोराची मान आणखी थोडी मोकळी केली. शीलाबाई बाजाराच्या दिवशी येतात, ओट्यावर पिशवी ठेवतात, बायकोशी भाजीच्या भावावरून बोलतात आणि एसटीच्या वेळेला जातात.

अलीकडे मामांच्या गुडघ्यांनी संप पुकारला आहे. डॉक्टरांनी उभं राहायला मनाई केली. त्यांच्या ऑफिसातल्या खुर्चीवरून कोट निघाला, छत्री निघाली. पण त्या खुर्चीत त्यांना करमत नाही. मग ते काठी टेकत आमच्याकडे येतात. परवा बाजाराच्या दिवशी दुपारी मी जेवायला घरी आलो, तर ओट्यावर एका बाजूला शीलाबाई होत्या आणि एका बाजूला मामा. मामांनी चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायला होता. मला ते बघवेना. या माणसानं चहा कधी पुरता संपवला नव्हता. काहीतरी करून त्यांना उठवावं म्हणून मी खोटंच म्हणालो, "मामा, तहसीलात जरा काम होतं. येता का, पटकन जाऊन येऊ."

मामा हसले. "बसा हो जवाईबापू," ते म्हणाले. "काहून घाई करून राहिले?"

शीलाबाईंनी आपली पिशवी जरा सरकवली, आणि मी त्या दोघांच्या मध्ये टेकलो.