भर दुकानात वाचलेला कागद

परवा उज्जैनच्या टावर चौकातल्या बँकेत शिक्क्याच्या शाईच्या पॅडचा वास आला आणि मला माझी अध्यक्षी आठवली. उज्जैनजवळच्या एका कस्ब्यात माझं कचोरीचं दुकान होतं, आणि लोकांनी मला नगरपालिकेचा अध्यक्षही करून टाकलं होतं. वाचता मला आजही येत नाही. तेव्हा मात्र रोज सकाळी चष्मा लावून गल्ल्यावर अखबार धरून बसायचो, म्हणजे गिऱ्हाइकांना वाटावं, अध्यक्षजी पढे-लिखे आहेत. एका सकाळी एक कॉलनी बांधणारा शेठ कागद घेऊन आला. ‘‘बस दस्तखत कर दो अध्यक्षजी, विकास का काम है.’’ सही तेवढी मी चित्रासारखी काढायला शिकलो होतो. पेन उचललंही, पण तो फारच गोड हसत होता. मी म्हटलं, ‘‘पहले जोर से पढ़ो. मुझे पढ़ना नहीं आता.’’ कढईजवळून बायको म्हणाली, ‘‘अहो, मग रोज पेपरात काय बघता?’’ ‘‘फोटो!’’ दुकान खदखदून हसलं, माझे कान तापले, पण त्याला कागद वाचावाच लागला. सब्जीवाल्यांच्या हाटाची जागा त्याला पाहिजे होती, आणि चार सब्जीवाले तिथंच कचोरी खात ऐकत होते. मी पेन परत दिलं. ‘‘कचोरी चाहिए तो बैठो, जगह चाहिए तो चलते बनो.’’ पुढचा चुनाव मी हरलो. तेच सब्जीवाले म्हणाले, ‘‘दादा, अध्यक्ष तो पढ़ा-लिखा चाहिए.’’ हाट अजून तिथंच भरतो. मी आता उज्जैनला राहतो, तरी आजही नानाखेडा स्टँडवरून बस पकडून तिथं जातो आणि त्यांच्याकडे हक्कानं फुकट धनिया मागतो. देत कसे नाहीत, बघतोच!