डावी मिशी

संग्रहालयात त्याला सगळे चिमटा म्हणायचे, अर्थात पाठीमागे. भुंगेरे ओळखण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता हे खरं. पण ते तो स्वतःच इतक्यांदा ऐकवायचा, की समोरच्याला वीट यावा.

त्याचा मेहुणा घड्याळं दुरुस्त करायचा आणि सुट्टीच्या दिवशी लाकडाच्या वखारींतून लांब मिशांचे भुंगेरे गोळा करायचा. मेहुणा वारला, तशी चिमट्याची बायको भावाची पेटी घेऊन थेट संग्रहालयातच आली.

"अहो, यातला एखादा तरी ठेवून घ्या. खाली त्याच्या नावाची चिठ्ठी लागेल. तेवढीच त्याची आठवण."

"हे काय आठवणींचं गोदाम आहे?" चिमट्याने भिंग डोळ्याला लावलं. "हा सामान्य. हा त्याहून सामान्य. आणि याचे पाय बघ, डिंकाने चिकटवलेत! घड्याळवाला तो घड्याळवालाच. काटा तुटला, लाव दुसरा."

बायकोने पेटीतला शेवटचा भुंगेरा त्याच्यापुढे ठेवला.

त्याची उजवी मिशी अंगाच्या दुप्पट लांब होती, नराची असते तशी. डावी मात्र मादीसारखी आखूड. चिमटा खो खो हसला.

"घ्या! कहर केला तुझ्या भावाने. नराला मादीची मिशी डकवली!"

"तो म्हणायचा, असाच सापडला. अर्धा नर, अर्धी मादी. तुम्हाला दाखवायची छाती झाली नाही त्याची."

"कशी होईल? थांब, दाखवतोच तुला."

डिंक असला तर कोमट पाण्यात सुटतो, हे तो सगळ्यांना शिकवायचा. पण मेहुण्याच्या किड्यासाठी कोण पाणी गरम करणार? त्याने डावी मिशी चिमटीत धरली आणि ओढली. ती कट्कन तुटली.

त्याने भिंग जवळ नेलं. डिंकाचा मागमूस नव्हता. भुंगेऱ्याची डावी बाजूच मुळात रुंद होती, मादीची. उजवी अरुंद, नराची. असा प्राणी त्याने उभ्या जन्मात पाहिला नव्हता. त्याने भिंग खाली ठेवलं.

"काय झालं?"

"खरा होता गं," तो कसाबसा म्हणाला. "आता मिशी चिकटवावी लागेल."

"मग चिकटवा."

"पण उद्या माझ्यासारखा कोणी बघेल, त्याला डिंक दिसेल. तो म्हणेल, लबाडी आहे."

बायकोने डिंकाची बाटली त्याच्यापुढे सरकवली.

"चिकटवा. आणि चिठ्ठीवर माझ्या भावाचं नाव नको. तुमचं घाला."