कुयलीचं पीठ

भवानी पेठेत अजून लोक सांगतात की बिरप्पाच्या अंगात देव होता. देव कसला डोंबलाचा! कंपवात होता. मी त्याची पोटची लेक, काशम्मा. त्याला घास भरवले ते मी, त्याची धोतरं धुतली ती मी. पण नवरा मेल्यावर माहेरी येऊन पडलेल्या बाईला कोण विचारतंय?

आप्पा घोंगडी विणायचा. आम्ही धनगर, मूळचे मंगळवेढ्याकडचे. मेंढरं चुलत्याच्या वाटणीला गेली आणि आप्पा माग घेऊन सोलापुरात आला. चिंचोक्याच्या पिठाची खळ शिजवायची, कुंच्यानं ताण्याच्या उभ्या धाग्यांना चोपडायची, वाळू द्यायची आणि मग विणायला बसायचं. त्याच्या घोंगड्यातून पाणी म्हणून खाली उतरत नसे. बोलायला कमी, खायला दांडगा. तीन भाकऱ्या आणि वर ताकाचा तांब्या.

सोलापुरात मार्शल लॉ झाला, त्याच्या पुढच्या साली त्याचा उजवा अंगठा आपोआप बोटांवर फिरायला लागला. हातात काही नाही, पण लोकर वळत बसल्यागत चाळा. आम्ही हसलो. मीही हसले, ते आठवलं की अजून स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते. वर्षभरात सगळा हात कापायला लागला. मागावर धोटा हातातून निसटू लागला, पाऊल आखडलं, चेहरा लाकडासारखा झाला. गल्लीतले लोक म्हणाले, बिरप्पानं दारू धरली. आयुष्यात थेंब न घेतलेला माणूस! सगळ्यात वाईट हाल जेवणाचे. घास तोंडाशी येईस्तोवर निम्मा सांडायचा, आणि कुणी बघत असलं की हात आणखी उडायचा. मग तो चारचौघांत जेवेचना. माझ्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून खायचा.

त्या साली गावच्या बिरोबाच्या जत्रेला माझा भाऊ तिप्पण्णा त्याला घेऊन गेला. तिप्पण्णा माझ्याहून दोन वर्षांनी धाकटा, पण घरातला पुरुष तो, आप्पाचा माग आता चालवायचा तोही तोच. देवळापुढं ढोल सुरू झाले, गर्दी, उन्हाचा तडाखा, आप्पाचं अंग थडथडायला लागलं. कुणीतरी त्याच्या कपाळाला भंडारा फासला आणि बिरोबा आला म्हणून ओरडलं. बिरदेव नावाच्या मेंढक्यानं पायावर डोकं ठेवून विचारलं, मेंढरं औंदा कुठल्या अंगाला न्यावीत. आप्पाला तहान लागली होती. उगवतीकडं पाण्याची घागर होती, तिकडं त्यानं हात केला. बिरदेव उगवतीला गेला, त्याला चारा मिळाला. मावळतीला गेलेल्यांची मेंढरं रोगानं मेली. झालं! बाप देव झाला.

दर रविवारी आमच्या दारात माणसं. तिप्पण्णा शेजारी बसून बापाचा हात कुठं हलला त्याचा अर्थ सांगायचा. कालपर्यंत ज्या तिप्पण्णाला गल्लीत कुणी रामराम घालत नव्हतं, त्याला आता म्हातारी माणसं वाट द्यायची. आणि देव म्हणून आप्पाचे हाल सुरू झाले. पहाटे गार पाण्यानं आंघोळ, सांजेपर्यंत पोटात अन्न नाही, मग नैवेद्याचं काय येईल ते. नारळाचं खोबरं, कोरडी पोळी, बोकडाचं मटण. त्याला तर साधी भाकरीही गिळवत नव्हती, घशात अडकून डोळ्याला पाणी यायचं. पोट चार-चार दिवस साफ होत नसे. बरगड्या मोजून घ्याव्यात असा वाळला.

मी कुणाला न सांगता त्याला शिवलिंगय्या वैद्यांकडे नेलं. म्हाताऱ्या वैद्यांनी त्याला चालवून बघितलं, मनगट धरून वाकवून बघितलं आणि म्हणाले, "बाई, हा देव न्हाय, कंपवात हाय. जाणार न्हाय तो. पण हातानं जेवंल एवढं मी करतो."

खाजकुयलीच्या बिया त्यांनी दिल्या. दुधात शिजवायच्या, साल काढायची, वाळवून पीठ करायचं, सकाळी उपाशीपोटी कोमट पाण्यातून चमचाभर. उपास म्हणून करायचा नाही. भाकरी ताकात कुस्करून मऊ करून द्यायची, मुगाचं कढण, तुपाचा थेंब, रात्री भिजवलेले मनुके. घास लहान, मान थोडी खाली घालून गिळायचा, कोरडं काही द्यायचं नाही. हे त्यांनी माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. पुढच्या खेपेच्या शेंगा मी ओढ्याकाठून स्वतः काढून आणल्या आणि त्यांची कुसं लागून दोन दिवस अंग खाजवत बसले. तिप्पण्णा विचारत होता, काय झालं म्हणून. घामोळं म्हटलं.

महिनाभर काहीच नाही. मग हळूहळू पाऊल सुटलं. मटण खाल्लं की त्या दिवशी औषध लागू पडत नसे, हे माझ्या ध्यानात आलं. का, ते वैद्यांनाही सांगता येईना. म्हणून रविवारचं मटण मी परस्पर शेजारी देऊ लागले. एका बुधवारी मी चुलीपुढं होते आणि मागून हाक आली. वळून बघते तर आप्पा माझ्याकडे तोंड करून बसलेला. ताटली रिकामी, धोतर कोरडं.

"काशे," तो म्हणाला, "माज्या हातानं जेवलो की गं."

मी पदरात तोंड घालून रडले. त्याच आठवड्यात तो मागावर बसला आणि चार बोटं घोंगडं विणलं. वाकडंतिकडं, पण त्याचं.

मग रविवार आला. ढोल वाजले, भंडारा उधळला, आणि आप्पाचा हात मांडीवर गप्प. जरासा हलायचा, पुन्हा गप्प. माणसं दुपारपर्यंत बसली. मग एक म्हातारी पुटपुटली की विधवेच्या हातचं खातोय, देव राहील कसा? सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. आप्पा काहीतरी बोलू बघत होता, पण त्याचा आवाज तेव्हा पुटपुटण्याएवढाच उरला होता, आणि देव उतरलेल्या बिरप्पाचं ऐकायला कोण आलं होतं?

संध्याकाळी तिप्पण्णानं घर धुंडाळलं. कुयलीच्या पिठाचं गाडगं मी चिंचोक्याच्या पिठाशेजारीच ठेवलं होतं, दिसायला दोन्ही सारखी, कुणाला कळू नये म्हणून. त्यानं वास घेतला, बोटानं चाखलं आणि सगळं पीठ रटरटणाऱ्या खळीत ओतलं. माझ्यासमोर, आप्पासमोर.

"अक्का," तो म्हणाला, "हात हालला न्हाय तर ह्या गल्लीत आपल्याला कोण विचारतंय? तू आता त्याच्या अन्नाला शिवायचं न्हाय."

त्या खळीनं त्यानं ताणा चोपडला. मी वैद्यांकडे पळत गेले, त्यांनी आणखी बिया दिल्या, पण त्या शिजवायला मला चूल कुठं होती? माझं अंथरूण घरामागच्या गोठ्यात गेलं. तीन आठवड्यांत आप्पाचा हात पहिल्यापेक्षा जोरात कापू लागला आणि दारातली गर्दी दुप्पट झाली. खिडकीतून मी बघायची. तो पुन्हा भिंतीकडे तोंड करून जेवत होता.

आषाढातला रविवार. नव्या घोंगड्यावर आप्पाला बसवलं होतं, त्याच खळीच्या घोंगड्यावर. दिवसभराचा उपाशी. नैवेद्याच्या खोबऱ्याचा तुकडा तिप्पण्णानं त्याच्या तोंडात घातला. आप्पाची मान वर होती. मला खिडकीतून दिसलं, त्याचे डोळे ताणले, दोन्ही हात उडायला लागले, सगळं अंग उसळलं. ते थरथरणं मला पाठ होतं आणि हे ते नव्हतं. मी ओरडले. लोकांना वाटलं, आज पुरा बिरोबा आला. त्यांनी ढोल वाढवले. मी दारातली माणसं ढकलत, शिव्या देत आत पोचेपर्यंत आप्पा घोंगड्यावर आडवा झाला होता आणि लोक पाया पडत होते.

हात शांत झाला होता, श्वासही. मी त्याचं तोंड उघडून बोट घातलं आणि घशातला तुकडा काढला. अंगठ्याच्या नखाएवढा होता. तिप्पण्णाचा हात ओढला आणि तळव्यावर तो तुकडा ठेवला, बघ म्हणून.

त्यानं बघितला. मग भरल्या डोळ्यांनी तो कपाळाला लावला आणि प्रसाद म्हणून खाल्ला.